चावडीत बांधलेला दादा घरी जेवून गेला

अंगारे, उतारे, भगताचं घुमणं... मला या सगळ्याची लहानपणापासून चीड. कुणाला झपाटलंय असं कुणी म्हटलं, की मी तोंडावर हसायची. त्यामुळे हे लिहायला इतकी वर्षं धीरच झाला नाही. तुम्हीही हसा हवं तर, पण आधी पूर्ण वाचा.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. आईबाप गेलेले. घरात मी आणि माझा थोरला भाऊ गणपतदादा, दोघंच. सोन्यासारखा माणूस हो! पण त्या वर्षी त्याचं डोकं फिरलं. मला ओळखेना, नावाने हाक मारेना. उन्हाळ्यात लोकांनी राब भाजायला घेतले — भाताचं रोप टाकायच्या आधी शेतात पालापाचोळा जाळतात ते — तर हा हंडा घेऊन धावला. "मानसं जळतायत रे, इझवा!" असं ओरडत एकेकाचा राब विझवत सुटला, आणि तेही वाडीच्या प्यायच्या पाण्याने! लोक का गप्प बसतील? पाटलांनी त्याला चावडीच्या खांबाला बांधलं आणि हवालदाराला निरोप धाडला.

पाटील तसे वाईट नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चंद्रे, हवालदार इचारील, घरात सांभाळणारं शहाणं मानूस हाय का. तू नीट बोल, मंजी सोडतील. नाय तर ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकतील."

मी दादासाठी भाकरी करायला घरी आले. पीठ धड मळता येईना. कशीबशी नाचणीची भाकरी टाकली, सुकट भाजली... आणि मागच्या दाराने दादा आत आला! हात मोकळे. चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "चंद्रे, वाढ गो. लय भूक लागलीय."

चंद्रे म्हणाला! मला रडूच फुटलं. वाटलं, पाटलांनी सोडलं. तो शांतपणे भाकरी-सुकट जेवला, हात धुवायला मागच्या अंगणात गेला आणि परत आलाच नाही. हाका मारल्या, ओ नाही. चावडीवर गेला असेल म्हणून मी तशीच धावले. पाटलांच्या पायाच पडणार होते.

चावडीत दादा खांबाला तसाच बांधलेला. समोर खुर्चीवर हवालदार.

"अवो, ह्यो आता घरी जेवून आला!" मी बोलून गेले.

पाटील गोंधळले. "काय बोलतेस गो? सकाळपासून हितंच हाय त्यो. पान्याशिवाय काय दिला नाय त्याला."

मी दादाचा बांधलेला हात धरला. बोटांना सुकटीचा वास! नखात नाचणीच्या भाकरीचे कण! देवाशपथ सांगते. "वास घ्या साहेब, एकदा वास घ्या!" मी किंचाळत होते. हवालदार खुर्ची मागे सारून उठला. पाटील खाली बघत राहिले. जवळ कुणी येईना.

"सांभाळणारी म्हणतात ती हीच का?" हवालदार म्हणाला. "ही तर त्याच्याही पुढची निघाली." आणि बैलगाडी जुंपायला सांगायला बाहेर गेला.

मी त्याच्यामागे ओरडत निघाले, तेवढ्यात दादाने बांधलेल्या हाताने माझा पदर पकडला. डोळे अगदी पूर्वीचे, शुद्धीवरचे. मला एकटीलाच ऐकू जाईल असं पुटपुटला, "गप ऱ्हा, चंद्रे. तुला पन नेतील."

मी गप्प झाले. गाडी गेली. दादा परत आला नाही.

पुढे लग्न होऊन मी शेणव्याला आले, पोरंबाळं झाली, पण सासरी यातलं अवाक्षर काढलं नाही. त्या दुपारी माझ्या चुलीपाशी कोण जेवलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण खांबाला बांधलेला तो माणूस त्या घडीला चावडीतल्या सगळ्यांपेक्षा शहाणा होता, आणि हे मी कुणालाही सांगू शकत नव्हते.