स्वतःच्या नावाने बोंब मारणारे आमदार

आमच्या साप्ताहिकाचा ताजा अंक हातात आला की भाऊ आधी तो उलटा करत आणि शेवटचं पान वाचायला घेत. पहिल्या पानावर मुंबई-दिल्ली, आपला माणूस शेवटच्या पानावर, असा त्यांचा हिशेब. वाचता वाचता एखाद्या बातमीवर बोट ठेवायचे आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे.

"ही बगून लिवलीस, का ऐकून?"

"ऐकून, भाऊ."

"मंग तसं लिव. 'ऐकलं' म्हून लिव. त्यात लाज कसली?"

ते आमचे आमदार. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही तेच म्हणतो. महाड-पोलादपूरकडचे जुने लोक असतील त्यांना नाव सांगायला नको, आणि बाकीच्यांचं नावावाचून काही अडणार नाही. काळ सत्तर-ऐंशीच्या मधला. महाडच्या बाजारपेठेत आमचा छापखाना होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई, पायाने चालवायचं यंत्र. संपादकांना सगळे काका म्हणत. वार्ताहर, मुद्रितं तपासणारा आणि अंकांवर पत्ते चिकटवणारा मी एकटाच.

आमदार एस.टी.ने फिरत. गाडीत आमदारांसाठी एक जागा राखीव असे. त्या जागेवर कुणी म्हातारा बसलेला असला की कंडक्टर त्याला उठवायला धावायचा आणि भाऊ त्याला खांदा धरून परत बसवायचे. "बसा हो बाबा. आजच्या दिवस तुमी आमदार. बोला, गावात काय काय पायजे?" एकदा एक बाबा खरोखरच बोलायला लागले. महाड सुटल्यापासून पोलादपूर येईपर्यंत विहीर, शाळेची कौलं, ओढ्यावरचा साकव आणि शेवटी सुनेची तक्रार. उतरताना भाऊ हात जोडून म्हणाले, "बाकी समदं करतो, सुनेचं तेवडं तुमीच बगा." गाडीत एवढा हशा झाला की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमत, तेव्हाही हे व्यासपीठावर न जाता गर्दीच्या कडेला उभे असायचे. पुढच्या अंकाला मात्र हजर. "वर बसले त्यांची नावं झ्याक छापलीत. जे रातभर चालत आले त्यांची गावं कुठं हायत?" आणि स्वतःच गावांची नावं सांगत बसायचे. कोण कुठल्या वाडीतून आलं, कुणी भाकऱ्या बांधून आणल्या होत्या, सगळं तोंडपाठ. खिळे जुळवणारा वैतागायचा, जागा पुरायची नाही. "मंग माजी बातमी काड," म्हणायचे.

तुम्ही म्हणाल, असा माणूस सांगताना याचा आवाज असा खाली का येतोय? सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही, आता लपवण्यात अर्थ नाही.

पोलादपूरकडच्या एका डोंगरमाथ्यावर बॉक्साइटची खाण होती. माल संपला, कंपनी उठून गेली. वर खड्डा आणि लाल मातीचे ढीग तसेच राहिले. पावसाळ्यात ती माती वहाळातून खाली यायची आणि माथ्याखाली, डोंगराच्या कुशीत असलेल्या वाडीच्या भातखाचरांत बसायची. पहिल्या वर्षी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी. काही खाचरं दिसेनाशी झाली. ढीग काढायचा खर्च कुणी करायचा? कंपनी सरकारकडे बोट दाखवायची, सरकार कंपनीकडे, आणि एका साहेबांनी तर ग्रामपंचायतीने श्रमदान करावं असं सुचवलं. भाऊंचं म्हणणं सरळ होतं. "ज्यानं घाण केली त्यानं झाडायची. आपण घरात पोरांना दुसरं काय सांगतो?"

एका दुपारी कंपनीचे मॅनेजर छापखान्यात आले. गोड बोलणारा माणूस. ढीग हलवले, झाडं लावली, असं लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. ऊन मी म्हणत होतं. वाडीला जायचं म्हणजे एस.टी.तून उतरून उभा डोंगर चढायचा. मी गेलो नाही. तो कागद घेतला, चार वाक्यं इकडची तिकडे केली. मग डोक्यात आलं, भाऊ विचारणार, बघून लिहिलंस का? म्हणून वर शब्द टाकले: 'आमच्या वार्ताहराने प्रत्यक्ष पाहिल्यानुसार'. त्यांच्याच धाकाने मी ते खोटं लिहिलं.

भाऊंनी विधानसभेत खाणीचा प्रश्न लावून धरला तेव्हा मंत्र्यांनी आमचा अंक वर धरला. सन्माननीय सदस्यांच्या तालुक्यातलंच वर्तमानपत्र काय म्हणतं बघा, म्हणून माझी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. सभागृह हसलं.

हे मला कळलं ते भाऊंच्याच तोंडून. त्या वर्षी अधिवेशन चालू असतानाच शिमगा आला आणि ते सुट्टीला घरी निघाले होते. छापखान्याच्या दारातच आरोळी ठोकली, "काका, पेढे काडा! आपला पेपर मंत्र्याच्या टेबलावर पोचला. माजा अर्ज अजून खालच्या मजल्यावर फिरतोय!"

आणि सगळी हकीगत हसत हसत सांगितली. मी खिळ्यांच्या पेटीत तोंड घालून उभा. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "प्रत्यक्ष कोन गेलं व्हतं?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी गेलो होतो. उन्हात नीट दिसलं नसेल."

काकांचे गुडघे गेलेले होते. छापखान्याच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबत. तरी मी गप्प बसलो.

भाऊंनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं. तुमाला वाट म्हाईत हाय. परवा दोगं पन चला. वाडीचा शिमगा बगायला."

काकांना डोलीतून न्यावं लागलं. चार जण आलटून पालटून खांदा देत होते आणि मुंबईहून सणाला आलेली पोरं बाजूने चालत होती. "काका, लास्ट टाइम कुठल्या साइडने चढला होता?" एकाने विचारलं. काका डोलीतून गंभीरपणे म्हणाले, "तेव्हा गुडघे बरे होते." सगळी वाट हसली. मीही हसलो. सगळे काकांना हसताहेत असं मला वाटत होतं.

वाडीत गेलो तर तिथे मॅनेजर आणि तहसीलदार आधीच पाटावर बसून पुरणपोळी खात होते. आमदारांनी सणाचं जेवायला बोलावल्यावर नाही कोण म्हणणार? जेवणं झाली, ढोल सुरू झाले, पालखी उठली. दर वर्षी ती घरोघर जाते. त्या वर्षी वाडीतली घरं झाल्यावर गुरवाने तिचं तोंड डोंगराकडे वळवलं.

"कुठं नेता?" मॅनेजर म्हणाले.

"देवाची मर्जी," भाऊ म्हणाले. "चला सायेब, पालखीच्या मागं चलायचं आसतं."

मॅनेजरांच्या पायात पांढरे बूट होते. वहाळ ओलांडेपर्यंत ते पांढरे राहिले. पाझराने शिमग्यातही ओल्या राहिलेल्या त्या लाल चिखलात भोई मांडीपर्यंत रुतत होते, तरी पालखी नाचवत होते. पारूकाकू नावाची एक बाई पुढे होती. तिची चार खाचरं मातीखाली गेली होती. ती मध्येच थांबून पाय आपटत सांगायची, "हितं माजा बांद व्हता. हितं बोर व्हती. आता तुमी माज्या बोरीच्या शेंड्यावर उबे हाव, सायेब!" तहसीलदार दचकून बाजूला झाले.

ढिगापाशी पालखी टेकली आणि बोंब सुरू झाली. शिमग्याची बोंब म्हणजे काय, ते नव्या वाचकांसाठी सांगतो. तोंडावर हात मारत ओरडायचं, ज्याच्या नावाने पाहिजे त्याच्या नावाने. त्या दिवशी कुणी राग धरत नाही, धरला तर तोच हास्यास्पद होतो.

पहिली बोंब भाऊंनी मारली. मला वाटलं कंपनीच्या नावाने असेल.

"आमदार झोपला रेऽऽ! दोन पावसाळे झोपला रेऽऽ!"

 मग असा काही गदारोळ उठला की पलीकडच्या डोंगरावरून प्रतिध्वनी आला. आमदार स्वतःच्या नावाने ओरडतो म्हटल्यावर सगळेच मोकळे झाले. सरपंच स्वतःच्या नावाने ओरडला, गुरव ओरडला, पोलीस पाटील ओरडला. तहसीलदारही हसता हसता ओरडून गेले, "पंचनामा राहिला रेऽऽ!" आणि तिथेच, ढिगावर बसून, त्यांनी पंचनामा केला. मॅनेजरांकडे सगळे बघायला लागले. त्या माणसाने आपल्या लाल बुटांकडे पाहिलं, तोंडावर हात नेला आणि बारीक आवाजात कंपनीच्या नावाने बोंब मारली. पोरांनी त्यांना उचलून नाचवलं.

भाऊ माझ्या शेजारी आले. खांद्याला खांदा लावून म्हणाले, "तू पन वरड की. आजच्या दिवशी माफ आसतं."

मी हात तोंडावर नेला. आणि कंपनीच्या नावाने ओरडलो.

 भाऊ माझ्या पाठीवर थोपटून पालखीकडे गेले.

पुढच्या अंकात मी सगळं लिहिलं, हे खरोखर पाहिलेलं. शिवाय खाली चौकटीत, मागील बातमी 'अनवधानाने' प्रसिद्ध झाली, दिलगीर आहोत. भाऊंनी चौकट दोनदा वाचली. "अनवधान. लय मोटा शबुद हाय," ते म्हणाले. "आख्खा मानूस मावतो त्यात."

पंचनामा आणि तो अंक घेऊन ते त्याच अधिवेशनात पुन्हा उभे राहिले. खर्च कंपनीनेच करायचा असं ठरलं. वैशाखात डंपर लागले, ढीग हलले, वहाळाला दगडी बांध झाला. खड्डा राहिला, त्यात पाणी साठतं आणि वाडीच्या म्हशी मजेत डुंबतात. खाचरांतली माती मात्र माणसांनाच उपसावी लागली, कंपनीच्या मजुरीवर. वरच्या अंगाची खाचरं लगेच मोकळी झाली. पारूकाकूची सगळ्यात शेवटी.

तोवर भाऊ निवडणूक हरले होते. काका गेले होते. मी साप्ताहिकाचा संपादक झालो होतो आणि काकांच्या खुर्चीत मला नीट बसता येत नव्हतं.

पारूकाकूच्या खाचरांत पहिल्यांदा लावणी होती त्या दिवशी मी डोंगर चढलो. भाऊ चिखलात वाकून रोपं लावत होते. वाडीतले सगळेच एकमेकांच्या शेतात लावणीला जातात, त्यात हेही. मी बांधावरूनच बोललो. म्हटलं, भाऊ, ती बातमी मी लिहिली होती. मी इथे आलोच नव्हतो. काका माझ्यासाठी खोटं बोलले.

त्यांनी मान वर केली नाही. हातातली रोपं लावून संपवली.

"काकांना डोलीत घातला तवाच समद्या तालुक्याला कळलं रे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोललो आसतो तर तू काय बोलला आसतास?" ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. हसत होते. "लय येळ लावलास पन. चपला काड. उतर खाली."

मी उतरलो. पारूकाकूने रोपांची जुडी हातात दिली आणि माझी ओळ पाहून डोक्याला हात लावला. "भाव, ह्ये लेकरू नागमोडी लावतंय!" "लावू दे गो," भाऊ म्हणाले, "शेताला काय कळतंय कोन पत्रकार हाय." दुपारी आम्ही बांधावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. मला इतकी भूक कित्येक वर्षांत लागली नव्हती.

गणपतीनंतर भाऊ गेले. झोपेतच.

भात कापणीला आलं तेव्हा मी वाडीवर गेलो. पारूकाकू विळा घेऊन खाचरात उभी होती. मी विचारलं, माझ्या वाकड्या ओळी कुठल्या, आणि भाऊंच्या कुठल्या?

तिने डोळ्यांवर हात धरून पिवळ्या शेताकडे बराच वेळ पाहिलं.

"आता काय कळतंय," ती म्हणाली. "समदा सारकाच पिकलाय."

आणि तिने मला विळा दिला.