सहाव्या गाण्याआधीचा आवाज

हान्नेले तोल्वानेन आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं. त्या दिवशी ती सकाळपासून मोठ्या पातेल्यापाशी उभी असते. पांढरा एप्रन, आत काळा टी-शर्ट, टी-शर्टवर कवटी. मुलं ताट पुढे करून विचारतात, "हान्नेले, आज कोण मेलं?"

"वाटाणे. चल, पुढे हो."

मी साहित्याची पदवी घेऊन इथे बदली शिक्षिका म्हणून आले. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या वाडग्यात सूप ओतता ओतता विचारलं, "गाणी कुठली ऐकतेस?" मी सांगितलं. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "जाऊ दे पोरी. शिकशील."

त्याच शुक्रवारी ती मला स्टेशनाजवळच्या बारमध्ये घेऊन गेली. तिथलं कोपऱ्यातलं टेबल 'रौता'च्या चाहत्यांचं. रौता हा आमच्या गावचा हेवी मेटल बँड. लाकूड गिरणीच्या वस्तीतली चार लांब केसांची पोरं. आता चौघांनाही टक्कल पडलंय. गाणी तार्मो लिहितो, गिटार तोच वाजवतो, गातोही तोच. हान्नेले त्याच्या वर्गात होती.

प्रत्येक अल्बम आधी कच्चा असताना तिच्याकडे यायचा. ती तो गाडीत लावायची, तळ्याला एक चक्कर मारायची आणि त्याला जाऊन काय ते सांगायची. एकदा तिनं सांगितलं, "चौथं फेकून दे." त्यानं फेकलं. एकदा म्हणाली, "घशातून ओरडतोयस. पोटातून ओरड." त्यावर तो अख्खा हिवाळा तिच्याशी बोलला नाही. वसंतात पोटातून ओरडायला लागला. टेबलावर हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तिथे तिचा शब्द शेवटचा.

दोन वर्षांपूर्वी तार्मोची बायको इर्मेली गेली. फुप्फुसांचा आजार होता. ती आणि हान्नेले दर उन्हाळ्यात दलदलीत बेरी वेचायला जोडीनं जायच्या.

या शरदात नवा अल्बम आला. संथ होता. मागे कीबोर्ड. तार्मो खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गात होता. आणि सहाव्या गाण्याआधी बराच वेळ नुसता एक आवाज. घरघर, मग फुस्स, मग पुन्हा घरघर.

शुक्रवारी टेबलावर वाद पेटला होता.

"या माणसासाठी मी आयुष्यभर मान हलवली," पासी म्हणाला. तो वेल्डर आहे. "डॉक्टर म्हणतो, मणके झिजलेत. आणि हा आता अंगाई गातोय!"

"माझ्या सासूला आवडला," टेबलावरचीच राइली म्हणाली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"खरंच. म्हणाली, जरा आवाज वाढव गं."

"मग संपलंच की," पासी म्हणाला. "आणि ते सहाव्याच्या आधी काय आहे? तार्मोनं नवा फ्रिज घेतलाय वाटतं. चला, बँडमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी तालात वाजवतंय!"

टेबलावर हशा फुटला. मीही हसले. हान्नेलेला इतकं हसू आलं की बिअर तिच्या नाकात गेली. मग तिनं ग्लास खाली ठेवला, कोट उचलला आणि ती बाहेर पडली.

मी मागोमाग गेले. ती सायकली लावतात तिथल्या कठड्याला धरून उभी होती.

"काय झालं?"

"तो फ्रिज नाहीये, नूरा. इर्मेलीचं ऑक्सिजनचं यंत्र आहे. शेवटच्या आठवड्यात तार्मोनं पलंगाशेजारी बसून तो आवाज घेतला. मध्ये तिचा श्वाससुद्धा आहे."

पुढे तार्मोनं स्वतःच हे रेडिओवर सांगितलं, म्हणून मी लिहू शकते. तेव्हा फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. आता मलाही.

"तुला माहीत होतं?"

"एप्रिलपासून."

"आणि तरी हसलीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"विनोद चांगला होता," ती म्हणाली. अगदी हळू.

मग तिनं एप्रिलचं सांगितलं. या वेळी तार्मोनं तिला एकटीला ऐकू दिलं नाही. तो गाडीत शेजारी बसून राहिला. तळ्यावर अजून बर्फ होता. तिनं चक्कर मारली आणि तो पूर्ण वेळ रस्त्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलं. ती म्हणाली, "छान झालंय. काही बदलू नकोस."

"खोटं बोललीस?"

"अर्धी गाणी कच्ची होती. आणि त्या यंत्राचं लोक काय करतील, तेही मला तेव्हाच दिसलं होतं."

पुढच्या गुरुवारी मुलांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं नुसतं सूप वाढलं.

रविवारी तिचा फोन आला. "तार्मोकडे जायचंय. चल माझ्याबरोबर. एकटी निघाले तर अर्ध्या वाटेवरून परत येईन."

तार्मो अंगणात बर्चची लाकडं फोडत होता. आम्हाला बघून खूश झाला. "काय गं, दोघी दोघी! कॉफी टाकू?"

"नको. आधी ऐक." हान्नेले उभ्यानंच बोलली. "एप्रिलमध्ये मी तुला खोटं सांगितलं. अल्बम जमला नव्हता. मला कळलं होतं."

त्यानं ओंडका ठेवला. फोडला. "लोक काय लिहिताहेत ते वाचतो मी. आंधळा नाहीये."

"अजून आहे. गेल्या आठवड्यात शुक्रवारी पासीनं यंत्रावर विनोद केला. मी हसले."

कुऱ्हाड ठोकळ्यातच राहिली.

"काय विनोद?"

"राहू दे रे."

"सांग."

तिनं सांगितला. शाळेतला जेवणाचा फळा वाचून दाखवावा तशा सपाट आवाजात. तार्मोच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिलं. मग तो लाकडांच्या ढिगावर बसला.

"पासी हसला तर हसला. त्याला काय ठाऊक? तुला ठाऊक होतं, हान्ने."

"हो."

"मी तो भाग काढणार होतो. तू म्हणालीस, बदलू नकोस. म्हणून ठेवला. आता गावभर लोक तिच्यावर हसताहेत."

"हो."

ती आता आपली बाजू मांडेल, असं मला वाटत होतं. तीही मैत्रीण गमावून बसली होती.

"टेबलावर सांगून टाकू?" तिनं एवढंच विचारलं. "काय आहे ते?"

"खबरदार. सांगितलंस की सगळे चर्चमध्ये बसल्यासारखे तोंडं पाडून बसतील. मला नाही बघवणार." तो उठला. "आणि हे आज का सांगितलंस? झोप येत नव्हती म्हणून?"

तिनं विचार केला. "हो. म्हणूनच."

"मग जा. झोप आता."

परत येताना गाडीत मी विचारलं, "बरं वाटतंय का?"

"वाटतंय," ती म्हणाली. "त्याचीच लाज वाटतेय."

शनिवारी गावात रौताचा कार्यक्रम होता. आपण जाणार नाही, असं ती आठवडाभर म्हणत होती. शनिवारी दुपारी तिनं मला फोन पुढे करून तार्मोचा निरोप दाखवला. 'ये. सहाव्याला बाहेर जाऊ नकोस.'

ती पहिल्या रांगेत, लोखंडी कठड्याला टेकून उभी राहिली. जुनी गाणी झाली, लोक घसा फुटेस्तोवर ओरडले. मग दिवे मंद झाले आणि तो आवाज सुरू झाला. अर्धं सभागृह बिअर घ्यायला वळलं. मागून पासी ओरडला, "फ्रिज उघडला रे!" हशा झाला. तार्मो गिटारवर हात ठेवून नुसता उभा होता. तो हान्नेलेकडे बघत होता. तिनं मान खाली घातली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, मानेपर्यंत. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. दोन घरघरींच्या मध्ये एक श्वास होता. अडकला, मग सुटला.

मग ड्रम धडाडले आणि गाणं सुरू झालं. ते संपेपर्यंत ती तशीच उभी होती.

"कसं वाटलं?" मी तिच्या कानाशी ओरडले.

"वाईट. दुसऱ्या कडव्यानंतर कुठे जायचं तेच त्याला कळत नाहीये."

"सांगणार त्याला?"

"मग? खाली उतरला की लगेच. त्याला आवडायचं नाही." तिनं कोट खांद्यावर टाकला आणि कोपरानं गर्दी सारत ती स्टेजच्या बाजूच्या दाराकडे निघाली.