एक जूनचं पोर

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत वनमालाबाई हजेरी घेता घेता मध्येच थांबत. वर्गात नसलेलं एक पोर त्यांच्या कानात "हजर, बाई" म्हणे.

घाटकोपरच्या त्या शाळेत वय भरत नसलेल्या पोराची जन्मतारीख बाई बेधडक एक जून लिहून टाकत. पाच पूर्ण, प्रवेश पक्का! शेवंतीचा जयवंत दिवाळीतला, जेमतेम साडेचार वर्षांचा. पण धुणीभांडी करणारी शेवंती पोराला ठेवणार कुठे? "घ्या ना बाई," ती म्हणाली. बाईंनी घेतला.

अकरा वर्षांनी, अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत, साकीनाक्याच्या एका कारखान्यातून पितळ चोरल्याच्या संशयावरून जयवंतला पकडलं. सोळाच्या आतला ठरला तर बाल न्यायालय, नाहीतर मोठ्यांचा तुरुंग. एक जून धरला तर सोळा नुकतीच पूर्ण. "दिवाळीतला आहे हो," शेवंती सांगत राहिली. पण तोंडच्या बोलण्याला कोण विचारतो? कोर्टानं शाळेचं रजिस्टर मागवलं. ते घेऊन बाईच गेल्या.

"अक्षर तुमचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो."

"तारीख खरी?"

खोटी म्हणावं तर नोकरी जाणार, आणि पेन्शन दोन वर्षांवर आलेली.

"खरी," बाई शेवटी म्हणाल्या.

जयवंतला मोठ्या कैद्यांच्या गाडीत चढवलं. बाई खाली मान घालून निघाल्या, तर शेवंती मागून धावत आली. आता ही शिव्या देणार, म्हणून बाई थांबल्या.

शेवंती त्यांच्या पाया पडली.

"चूक माझीच, बाई. मीच घ्या म्हणाले होते."