चार बोटांची फट

सत्तरीचा एक माणूस सकाळी पार्किंगमध्ये गाल फरशीला टेकवून, गाडीखाली हाताची चार बोटं आडवी धरून पडलेला दिसला, तर तुम्ही धावत जाल. मीही पहिल्यांदा धावलो होतो. "काही झालेलं नाही," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "आधी मोजायचं, मग बोलायचं."

बोरीवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सर म्हणत. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोला, काकूंना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. खुब्याच्या ऑपरेशननंतर काकूंना पाय उचलून रिक्षात चढता येत नसे, म्हणून सरांनी मुद्दाम एक बुटकी जुनी गाडी शोधून आणली होती. काकू तिच्यात घरच्या खुर्चीत बसावं तशा बसायच्या.

एकदा ती पंक्चर झाली. डिकीतला जॅक गंजून गेलेला. पंक्चरवाला येईपर्यंत तास गेला, आणि सेंटरवरचं मशीन तर ठरल्या वेळी पुढच्या पेशंटला द्यायचं असतं. काकूंचं डायलिसिस अर्ध्यावर आटोपलं. पुढचे दोन दिवस त्यांना आडवं होता येईना, इतकी धाप. सर आमच्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "पुन्हा असं झालं तर ती जाईल रे." मला त्यांना चहा विचारायचंही सुचलं नाही.

तेव्हापासून त्यांनी चांगल्या जॅकचा ध्यास घेतला. गाडीखालच्या फटीच्या मापाचा पुठ्ठा कापून खिशात ठेवला आणि बोरीवलीपासून घाटकोपरपर्यंतची दुकानं पालथी घातली. प्रत्येक जॅकशेजारी पुठ्ठा उभा करायचे आणि मान हलवायचे. एका दुकानदाराने गाडीच उंच घ्या असा सल्ला दिला, त्याच्याशी ते पुढे एक शब्द बोलले नाहीत. "जो खाली शिरतो तो पुरेसा उचलत नाही," मला येऊन सांगायचे, "आणि जो उचलतो तो खाली शिरत नाही." सर, मुलगी बघायलाही एवढे फिरला नसाल, असं मी चिडवलं. ते हसले नाहीत.

शेवटी एक चाकांचा, चपटा, लाल जॅक पसंत पडला. दसऱ्याला त्याला झेंडूचं फूलही वाहिलं. रोज सकाळी चार बोटं घालून फट तेवढीच आहे ना, हे बघणं चालूच होतं.

आणि एका मंगळवारी मागचं चाक बसलं. डायलिसिसची वेळ आठची. सरांनी जवळजवळ ऐटीत जॅक आणला, सरकवला, आणि तो आत जाईना. चाकातली हवा गेल्यावर गाडी खाली बसणारच! चार बोटांची फट दोन बोटांवर आली होती.

"मी हवा भरलेली असताना मोजलं," सर म्हणाले. "रोज मोजलं आणि रोज चुकीचं मोजलं." ते जॅक पुन्हा पुन्हा आत रेटत होते. बोटांची सालं निघाली तरी थांबेनात. मी टॅक्सीसाठी फोन करत होतो. जवळचं अंतर ऐकून दोघा टॅक्सीवाल्यांनी नकार दिला. वॉचमनच्या खुर्चीत काकू सुजल्या पायांनी बसून होत्या. आयुष्यात इतकं असहाय मला क्वचितच वाटलं असेल.

तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, माझा पाट आणा. त्याच्यावर चाक चढवा."

तो त्यांच्या माहेरचा, फणसाचा जाड पाट. दर वाढदिवसाला त्या सरांना त्याच्यावर बसवून ओवाळायच्या. पाटाला चुकून पाय लागला तरी सर नमस्कार करत. ते जागचे हलेनात.

"त्याच्यावर बसवून तू मला ओवाळतेस," ते कसेबसे म्हणाले.

"मी असेन तर ओवाळेन ना?"

सर वर जाऊन पाट घेऊन आले. तो चाकाला टेकवून ठेवला आणि गाडी हळूच पुढे घेतली. लाकूड करकरलं, चाक चढलं. जॅक अलगद आत गेला. मी चाक बदलेपर्यंत सर दांडा घट्ट धरून होते, त्याची काही गरज नव्हती तरी. पाच-दहा मिनिटं उशीर झाला, पण त्या दिवशी काकूंना पूर्ण वेळ मिळाला.

पाटाला एका कोपऱ्यात तडा गेला. चाकाच्या नक्षीचे काळे पट्टे काकूंनी घासून पाहिले, ते निघाले नाहीत. त्या वर्षी सर त्या पट्ट्यांवरच बसले आणि काकूंनी ओवाळलं.

पुढच्या वाढदिवसापर्यंत काकू राहिल्या नाहीत. तेराव्याला त्यांचा फोटो त्याच पाटावर ठेवला होता. कुणा नातेवाइकाने डाग दिसू नयेत म्हणून खाली कापड अंथरलं. सरांनी फोटो उचलला, कापड काढून घडी केली आणि फोटो परत ठेवला.

मग त्यांनी गाडी विकली आणि जॅक मला दिला. त्यांना नाशिकला मुलीकडे न्यायला जावई आले, त्यांची गाडी चांगलीच उंच होती. सर पाय उचलून सहज चढले आणि पाट मांडीवर घेतला. निघण्याआधी खाली वाकून कुणी काही मोजलं नाही.