ब्रेकचं औषध

लॅमिनेशनच्या मशीनमधून तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, की मला माझा सगळ्यात देखणा मूर्खपणा आठवतो. बायकोला संधिवात होता, स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांधे कुरतडते तो. सकाळी तिची मूठ मिटत नसे, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. नगरच्या डॉक्टरीणबाई सुई सुरू करणार, त्या दिवशी मी नेवाशाहून एक रंगीत कागद लॅमिनेट करून नेला. मोबाईलवर सापडलेली जाहिरात होती: प्रतिकारशक्तीच्या ब्रेकवर काम करणारं नवं औषध. दहावीला विज्ञानात दोनदा गचकलेल्या माणसाला शोभेल अशा तोऱ्यात मी तो टेबलावर आपटला. “तुमची सुई ऱ्हाऊ द्या, हे द्या.” बाईंनी शांतपणे वाचलं. “काका, हे कॅन्सरचं औषध. हे ब्रेक काढतं, मग प्रतिकारशक्तीच्या पेशी कॅन्सरच्या गाठीवर तुटून पडतात. काकूंच्या पेशींना ब्रेक आधीच लागत नाही. आमची सुई तो लावते. हे दिलं तर उरलेले सांधेही जातील.” एखादा शरमेनं गप्प बसला असता. मी म्हणालो, “पन कंपनी लई मोठी हाय.” बायकोनं माझ्याकडे ढुंकूनही न बघता दंड पुढे केला. “द्या वं बाई तुमी सुई. ह्यांना गॅसचं बटन कोन्या अंगाला फिरवत्यात ते बी म्हाईत न्हाई.” आता ती पुन्हा भाकरी थापते. गावातले बिनडोक अजून मला औषधं विचारतात आणि मी त्यांच्याहून बिनडोक, सांगतो. फक्त आधी ती घरात नाही ना, हे बघून घेतो.