तिने माझं दार दाखवलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि जिच्या दुपट्यावरून हे घडलं त्या माझ्या लेकीला तर नाहीच नाही. मी मूळची बडबडी बाई, पण इथे आले की जीभ अडखळते. म्हणून आधी रुकीअम्माबद्दल सांगते. तिच्याबद्दल बोलायला मला अजून आवडतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही अंबरनाथला, कारखान्यातल्या कारकुनांच्या चाळीत राहत होतो. चाळीसमोर आठवडे बाजाराचा ओटा होता, वर पत्रे. बाजाराचा एक दिवस सोडला तर त्या ओट्यावर अम्माचा संसार — एक ट्रंक, एक तवा आणि चिंध्यांचं गाठोडं. सिंधमधून आलेली. आधी उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात पुतण्याच्या बराकीत राहायची. "उधर दम घुटता है," म्हणायची. खरं तर पुतण्यानेच तिला घराबाहेर काढलं होतं, पण तसं म्हणून तिला कशाला दुखवा?

ती बाळांची दुपटी शिवायची. जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे असे जोडायची की बघत राहावं! दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची, शेळी जवळ आली की तिला सिंधीत शिव्या द्यायची, आणि हात मात्र थांबायचा नाही. दुपट्याचे पैसे घेत नसे. बाळाच्या कपड्याचे पैसे घेतले तर बाळाला लागतात, असं तिचं म्हणणं. त्याबदली रोज दुपारी पोळी-भाजी न्यायची, तीही दारातच उभी राहून. आत या म्हटलं की हसायची. लांबून बघणाऱ्याला काय वाटेल? म्हातारी दारोदार भीक मागते, असंच ना?

त्या वर्षी चाळीत पाळणा हलला तो आमच्याच घरी, आणि अम्माने दुपटं शिवलं ते आमच्याच बाळाला. आणि शिवणाच्या बाबतीत मी अगदीच दिव्य — सुईत दोरा ओवायला घेतला तरी घरातले हसायचे. बाळाला बघायला बदलापूरहून सासूबाई आल्या, दुपटं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "कुणी शिवलं गं हे?"

मी म्हणाले, मीच.

का म्हणाले? तोवर त्यांनी माझ्या एकाही कामाला बरं म्हटलं नव्हतं हो! आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग काय, सासूबाईंनी चाळभर दुपटं मिरवलं, गावी पत्र गेलं. अम्माला मी हळूच जाऊन सगळं सांगितलं. ती खोकला लागेपर्यंत हसली. "अच्छा बेटी, तूने सिया. मैंने नहीं." जीव ओवाळून टाकावा अशी बाई होती ती.

मग पोलिसांची धरपकड सुरू झाली. उघड्यावर राहणारा, पोटाचा धंदा दाखवता न येणारा माणूस म्हणजे भिकारी, आणि भिकाऱ्याला धरायचं, असा कायदा. भर दुपारी हवालदार अम्माला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. तिच्या हातात ट्रंक होती.

"बाई, ही म्हणते मी भीक मागत नाही, ह्या घरी शिवणकाम करते. खरं का?"

मागे सासूबाई बसलेल्या. मांडीवर बाळ, बाळाला ते दुपटं. शेजारणी दारात आलेल्या. एक 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्यावर ती सुटत होती.

मी म्हणाले, "नाही. आम्ही तिला उरलंसुरलं देतो."

हो, असंच म्हणाले. उरलंसुरलं.

अम्माने माझ्याकडे पाहिलं, मग दुपट्याकडे. तिने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तिने नाही दाखवलं. माझं गुपित तिने पोलिसासमोरही राखलं आणि हवालदाराला म्हणाली, "चलो भाई. गलती हो गई, घर दूसरा था."

हवालदार भला माणूस होता. जाताना म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत कल्याणच्या कोर्टात येऊन कुणी सांगितलं, की ही आमच्याकडे कामाला आहे, तर सोडतील. नाहीतर भिकाऱ्यांच्या कोंडवाड्यात जाईल, वर्ष-दोन वर्षं."

म्हणजे बघा, मला वेळ होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई सकाळीच शंकराच्या देवळात गेल्या. हे कामावर. शेजारीण बाळाला सांभाळायला केव्हाही तयार. स्टेशन दहा मिनिटांवर. मी केस विंचरले, चपला घातल्या. पण कोर्टात नाव लिहून घेतील, चाळीत कळेल, सासूबाई काय म्हणतील — हेच डोक्यात. तिला तिथे आत बसवलं असेल, तहान लागली असेल, हे तेव्हा मनात आलंसुद्धा नाही. ते नंतर येत राहिलं, वर्षानुवर्षं.

मी चपला काढून ठेवल्या आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायला गेले.

अम्मा परत आली नाही. तिला कुठे ठेवलं, किती दिवस ठेवलं, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.