वाकळीचा टाका आणि विहिरीचा टाका

सासूबाईंच्या हातच्या वाकळीत मुंगी शिरायला जागा नसते, असं सारं चाकूर म्हणायचं. मी मुदखेडची, लग्न होऊन नुकतीच आलेली. मला कसलं कौतुक? टाके काय, सगळ्याच बायकांना येतात, असं मनात म्हणायची.

मग तो दुष्काळ आला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, माणसं तोऱ्यात ‘आपला जिल्हा’ म्हणायची; पण जिल्हा नवा झाला म्हणून विहिरीला पाझर थोडाच फुटतो! चाकूरजवळच्या आमच्या वाडीतली विहीर आणखी खोल करायचं ठरलं आणि आत उतरून कडेचे सुटे दगड पाडायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. शेजारच्या गावात कमरेला नुसता दोर बांधून उतरलेला गडी घसरला आणि त्या दोरानंच त्याच्या बरगड्या मोडल्या. ते मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "म्या पट्टा शिवते. कमरंला अन् मांड्याला धरंल असा."

खाटेची पांढरी नवार घेतली आणि वाकळीसारखाच शिवला की! बारीक, दाट, आडवे टाके. देखणा तरी किती! कडुलिंबाच्या फांदीला टांगून खाली दगडांचं पोतं बांधलं. टर्रकन आवाज झाला. दोरा शाबूत होता, नवारच भोकांच्या रांगेवरून फाटली होती.

"आगं बया!" सासूबाईंनी तुकडा डोळ्यांजवळ धरून भोकं मोजली. "दोरा न्हाई हारला. म्याच लई भोकं पाडली."

मग सगळं उलटं केलं. नवारीची टोकं वीतभर एकावर एक घेतली. टाके लांब लांब, आणि ओढ जिकडून बसणार त्याच दिशेनं. काठाला सुई लावायची नाही. जोडाभोवती टाक्यांचा चौकोन, चौकोनात फुली. दोऱ्याला मेण चोळलं, आणि दोरा लाल घेतला. "एक टाका तुटला तर आंधळ्याला बी दिसावं," म्हणाल्या. या वेळी पोतं टांगलं, वर दोन गडी लोंबकळले, तरी टाका हलला नाही.

आमच्याकडं विहिरीवरची रीत अशी, की ज्यानं बांधलं त्यानं आधी बसायचं. सासूबाईंनी कासोटा घातला, पट्ट्यात बसल्या आणि ओरडल्या, "सोडा रं!" खाली काळाशार खड्डा, वर ती जाडजूड म्हातारी, आणि मधे नुसता दोरा. काय बाई ही!

मग नवरा रोज उतरू लागला. एका दुपारी त्याच्या पायाखालचा दगड निसटला. वरचा दोर काडकन ताणला. माझा तर जीवच गेला. पण पट्ट्यानं धरलं! गड्यांनी त्याला वर ओढलं, तोंड राखेसारखं, पण धडधाकट. सगळ्या बाप्यांसमोर मी मोठ्यानं रडले. लाज कसली त्यात?

गडी पट्ट्याला हात लावून बघायला लागले. सासूबाईंनी तो ओढून घेतला, तुटलेले लाल टाके चाचपले, आणि कात्रीनं पट्टाच कापून टाकला.

"आवं, धरला की त्यानं!" एक गडी कळवळला.

"धरला म्हनूनच. त्याचं बळ सरलं आता."

"आई, म्या न्हाई उतरत आता," नवरा म्हणाला.

"मुळीच न्हाई!" मी ओरडले.

"नको उतरू," म्हणून सासूबाई तिथंच खाली बसल्या आणि नवी नवार दुमडायला लागल्या.

"आत्या, मग ह्यो कुनासाठी?" मी सासूबाईंना विचारलं.

"इहीर अर्धीच हाय, पोरी. कुनाचं तरी लेकरू उतरंलच की."

त्यांच्या दाभणात दोरा जाईना. मी दाभण घेतलं आणि दोरा ओवून दिला.